गाठ निघाली, पण उपचार संपला नाही

फुप्फुसाच्या कॅन्सरचे ऑपरेशन करून माणूस नागपूरहून वडशाला परत आला की वस्तीत एकच वाक्य ऐकू येते, "गाठ काढली, आता सुटला." टाके निघतात, पाहुणे भेटून जातात आणि फाईल पेटीत जाते. पुढची तारीख रोवणीच्या दिवसांत आली तर चुकते. एकदा चुकली की चुकतच जाते. माझे स्पष्ट मत आहे की ऑपरेशननंतरची दोन-तीन वर्षे हा उपचाराचाच भाग आहे आणि ती पार पाडण्याचा भार एकट्या गरीब घरावर टाकणे हा अन्याय आहे.

आधी आजार समजून घेऊ. हा कॅन्सर बहुतेकांचा उशिरा सापडतो. ज्यांचा लवकर सापडतो त्यांच्या फुप्फुसाचा गाठ असलेला खंड आणि जवळच्या लसिका गाठी ऑपरेशनने काढतात. ज्यांची प्रकृती ऑपरेशन झेपण्यासारखी नाही, त्यांच्या लहान गाठीवर मोजक्या दिवसांत नेमके व जास्त ताकदीचे शेक देता येतात. दोन्हींचा हेतू आजार पूर्ण बरा करण्याचा असतो आणि अनेक जण खरोखर बरे होतात.

पण काही पेशी ऑपरेशनच्या आधीच रक्तात किंवा लसिकेत निसटलेल्या असतात. त्या इतक्या थोड्या असतात की कोणत्याही स्कॅनवर दिसत नाहीत. म्हणून अगदी पहिल्या टप्प्यातल्या रुग्णांमध्येही साधारण चार-पाच जणांमागे एकाला आजार उलटतो. लसिका गाठींपर्यंत आजार पोचला असेल तर हे प्रमाण जवळपास निम्म्यावर जाते. उलटणाऱ्यांपैकी बहुतेकांचा आजार पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो. तो पुन्हा छातीत येऊ शकतो, किंवा मेंदू, हाडे, यकृत इथे जाऊ शकतो. यात डॉक्टरांची चूक नसते, रुग्णाचे पापही नसते आणि कोणाची करणी तर मुळीच नसते.

हा धोका कमी करण्याचे मार्ग आहेत, पण ते सगळ्यांना सारखे लागू नाहीत. गाठ मोठी असेल किंवा लसिका गाठींत आजार असेल तर ऑपरेशननंतर साधारण चार वेळा केमो देतात. तिचा फायदा खरा आहे, पण मर्यादित आहे. पाच वर्षांनंतर शंभरात सुमारे पाच जण जास्त जिवंत राहतात. पहिल्या टप्प्यातल्या अगदी लहान गाठीला केमोची गरज नसते. काही रुग्णांना ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर इम्युनोथेरपी दिली जाते.

तिसरी गोष्ट आपल्या बायांनी विशेष लक्षात ठेवावी. आयुष्यात बिडी न ओढलेल्या बाईलाही हा कॅन्सर होतो. अशा रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकाचा बदल जास्त वेळा आढळतो. तो सापडला, तर ऑपरेशननंतर तीन वर्षे रोज घ्यायची ओसिमर्टिनिब ही गोळी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात गोळी घेणाऱ्यांपैकी ८८ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ७८ टक्के रुग्ण पाच वर्षांनी जिवंत होते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने या औषधावरचे आयात शुल्क माफ केले. तरीही मजुराच्या घराला ते आजही परवडत नाही. पण "तुम्हाला परवडणार नाही" म्हणून तपासणीच न सांगणे मला मान्य नाही. आधी माहिती द्या. मग मदत कुठून मिळवायची ते आम्ही पाहू.

म्हणून ऑपरेशननंतर दवाखान्यातून निघण्यापूर्वी हे प्रश्न विचारा:

१. टप्पा कोणता आहे? लसिका गाठी किती तपासल्या आणि किती जणींमध्ये आजार निघाला, असे नव्हे तर किती गाठींमध्ये निघाला, ते लिहून द्या.
२. काढलेल्या भागाच्या कडा साफ आहेत का?
३. जनुकाची तपासणी झाली का? गाठीचा ब्लॉक आणि रिपोर्ट कुठून मिळेल?
४. केमो घेतली तर माझ्यासारख्या शंभर रुग्णांत किती जणांना फायदा होतो, आणि त्रास काय?
५. पुढचा सीटी स्कॅन कधी?

तथागतांनी स्वतःचा शब्दही पारखून घ्यायला सांगितले. मग डॉक्टरांना प्रश्न विचारण्यात उद्धटपणा कसला?

तपासणीचा साधारण नियम असा आहे की पहिली दोन-तीन वर्षे दर सहा महिन्यांनी छातीचा सीटी स्कॅन करावा आणि त्यानंतर वर्षातून एकदा. मधल्या काळात खोकला वाढला, थुंकीत रक्त आले, वजन उतरले, हाड सतत दुखले, डोकेदुखीसोबत उलट्या झाल्या किंवा झटका आला, तर तारखेची वाट पाहू नका. आपल्या भागात खोकला म्हटले की टीबीचीच शंका येते. टीबी जरूर तपासा. पण थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला नाही, तर जुनी कॅन्सरची फाईल दाखवल्याशिवाय सहा महिन्यांचे टीबीचे औषध सुरू होऊ देऊ नका.

आणि बिडी, तंबाखू, खर्रा बंद. दारूबंदीसाठी या जिल्ह्यातल्या बाया रस्त्यावर उतरल्या. पाचवे शील पाळतो म्हणणाऱ्या घरात बिडी मात्र चालते, हे बरोबर नाही. निदान झाल्यावरही बिडी सोडली तर माणूस जास्त जगतो. "आता सोडून काय उपयोग" हे म्हणणे खोटे आहे.

आता शासनाला विचारायचा प्रश्न. टीबीच्या रुग्णाची निक्षयमध्ये नोंद होते, आशाताई घरी येते, औषध चुकले तर विचारणा होते. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये जाहीर आहेत. हे योग्यच आहे. मग ऑपरेशन झालेल्या कॅन्सरच्या रुग्णाची तारीख चुकली तर विचारणारे कोणी का नाही? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पण नागपूरला जाणे-येणे, मुक्काम आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी कोण देणार? ऑपरेशनवर खर्च करायचा आणि पाठपुराव्याअभावी माणूस गमवायचा, हे शहाणपणाचे धोरण नाही. प्रत्येक तालुक्यात अशा रुग्णांची यादी असावी, फेरतपासणी मोफत व्हावी आणि प्रवासखर्च मिळावा, ही आपली मागणी असली पाहिजे.

तोपर्यंत जे आहे ते पदरात पाडून घ्या. योजनेत आपल्या फेरतपासणीचे काय बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपरमध्ये पूर्ण आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचे ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. मुंबईला टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना ते फार उपयोगी पडते.

वर्षावासात आपल्या विहारात ग्रंथवाचनाला सगळी वस्ती जमते. त्यातला एक दिवस आरोग्यासाठी ठेवा. एक वही करा. कोणाची तपासणी कधी आहे आणि सोबत कोण जाणार, एवढे त्यात लिहा. आजारी भिक्खू घाणीत पडलेला दिसला तेव्हा तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला स्नान घातले होते. आपल्याला तर फक्त तारीख लक्षात ठेवायची आहे आणि एसटीत सोबत बसायचे आहे.

नमो बुद्धाय, जय भीम.