शोधप्रबंध आणि सल्लागारी

व्यवस्थापन सल्लागारी म्हणजे एखाद्या उद्योगापुढची किंवा संस्थेपुढची अडचण ठरलेल्या मुदतीत, हाती असलेल्या आकडेवारीच्या आधारे तपासून तिच्यावर मार्ग सुचवण्याचा व्यवसाय. विज्ञानात पीएच.डी. करणारा विद्यार्थी संशोधन चालू असतानाच या व्यवसायाची चाचपणी करू लागला, की त्याचे विद्येवरून लक्ष उडाले असा शेरा विद्यापीठांच्या आवारात सहज मारला जातो. हा शेरा अन्यायाचा आहे आणि इतिहासही त्याच्या बाजूने उभा राहत नाही. सल्लागारी पेढ्यांमधील सर्वांत जुन्यांपैकी एक पेढी आर्थर लिटल या रसायनतज्ज्ञाने 1886 मध्ये बॉस्टन येथे एका सहकाऱ्याबरोबर सुरू केली, तेव्हा ती मुळात रासायनिक पृथक्करण करून देणारी प्रयोगशाळाच होती.

महाराष्ट्रातही ही परंपरा अनोळखी नाही. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे पूर्वीच्या यूडीसीटीत, 1964 मध्ये प्राध्यापक म्हणून रुजू झालेल्या मनमोहन शर्मा यांनी मूलभूत संशोधन आणि कारखान्यांना सल्ला ही दोन्ही कामे आयुष्यभर बरोबरीने केली. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली रघुनाथ माशेलकर यांनी 1969 मध्ये पीएच.डी. मिळवली, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने 1990 मध्ये शर्मा यांना सदस्यत्व दिले. कारखान्याच्या दारात गेल्याने विज्ञान उणावते, हे म्हणणे या उदाहरणापुढे टिकत नाही.

याच संस्थेचे मराठवाडा संकुल 2018 पासून जालन्यात आहे, आणि जालना हा अशा चाचपणीसाठी फार समृद्ध जिल्हा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन करून सुधारित बियाणे शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेले आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दुसरीकडे औद्योगिक वसाहतीतल्या इंडक्शन भट्ट्यांमध्ये, म्हणजे विद्युत प्रवर्तनाने भंगार वितळवणाऱ्या भट्ट्यांमध्ये, एका टनामागे किती युनिट वीज जळते यावर कारखान्याचा नफा-तोटा ठरतो. भट्टीतली उष्णता कोठून निसटते हे सांगायला पदार्थविज्ञान लागते. मात्र ती गळती थांबवण्याचा खर्च किती महिन्यांत वसूल होईल, हे सांगण्याचे शिक्षण प्रयोगशाळेत मिळत नाही.

हे शिक्षण कसे असते, हे पाहण्यासाठी सल्लागारी पेढ्यांच्या ‘केस मुलाखती’चा, म्हणजे उमेदवारापुढे व्यवसायातली अडचण ठेवून त्याची विचारपद्धती पारखणाऱ्या मुलाखतीचा, एक नमुना घ्यावा. एका तालुक्यात 20,000 एकरांवर कापूस होतो असे मानले आणि एकरी 475 ग्रॅमची दोन पाकिटे धरली, तर 40,000 पाकिटे, म्हणजे 19 टन बियाणे लागेल. येथवर शाळकरी गुणाकार आहे. खरी परीक्षा पुढे सुरू होते: चौथा हिस्सा शेतकरी सोयाबीनकडे वळले तर मागणी 30,000 पाकिटांवर येते, आणि पावसाने ओढ देऊन दुबार पेरणीची वेळ आणली तर ती पुन्हा वाढते; तेव्हा कोणते गृहीतक चुकले असता विक्रेत्याचे सर्वाधिक नुकसान होईल, हे उमेदवाराला कारणांसह सांगावे लागते. प्रयोगातील त्रुटीची मर्यादा रोज मोजणाऱ्या संशोधकाला ही रीत परकी वाटू नये. त्याला जड जाते ते अपुऱ्या माहितीवर शुक्रवारपर्यंत उत्तर देणे, आणि ती सवय सरावानेच लागते.

नियमांची चौकट मात्र नीट समजून घेतली पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीनुसार पीएच.डी.साठी किमान 3 आणि सर्वसाधारणपणे कमाल 6 वर्षांची मुदत आहे. कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि वरिष्ठ पाठ्यवृत्ती 42,000 रुपये झाली असून, ती घेणाऱ्याने पूर्णवेळ संशोधन करावे, अन्य पगारी काम स्वीकारू नये, अशी अट असते. म्हणून चाचपणी म्हणजे वाचन, सराव आणि त्या व्यवसायातल्या माणसांशी बोलणे. छुपी नोकरी नव्हे. प्रयोगशाळेतली अप्रकाशित माहिती बाहेर बोलून टाकली, तर पेटंटसाठी आवश्यक असलेले नावीन्यच हातचे जाऊ शकते, हेही विद्यार्थ्याला आधीच सांगितलेले असावे.

हे सांगण्याची जबाबदारी मार्गदर्शकाची आहे, आणि ज्याच्यापासून विद्यार्थ्याला आपला विचार लपवावा लागतो, तो मार्गदर्शक ती पार पाडू शकत नाही. मार्गदर्शकांनी हा विषय स्वतः काढावा, आठवड्यातले दोन तास त्यासाठी मोकळे ठेवू द्यावेत, आणि जालन्यातील विद्यार्थ्यांनी सरावाची पहिली केस परदेशी पुस्तकातून न उचलता मोंढ्यातल्या बियाण्याच्या दुकानात जाऊन शोधावी.