भरवसा का उडाला, का टिकला?



‘वॉशिंग्टन राज्याच्या दीर्घकालीन काळजी विम्यावर लोकांचा विश्वासच नाही’ हे मागील अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. २०२१मध्ये या योजनेतून सूट मिळवण्यासाठी खासगी पॉलिसी घ्यायला झुंबड उडाली, हे मान्य. पण पगारातून ०.५८ टक्के कापायचे आणि राज्य सोडले की हक्क बुडणार, अशा योजनेवर कोण भरवसा ठेवील? माझ्यासारख्या सिएटलमधल्या नोकरदारांची हीच तक्रार होती. २०२४मध्ये कायदा बदलला. त्यात राज्याबाहेरूनही वर्गणी भरून हक्क राखण्याची तरतूद झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात योजना ऐच्छिक करण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. मात्र, एकूण लाभाची ३६,५०० डॉलरची मर्यादा तुटपुंजीच! आंघोळ घालायला, अंथरुणातून उठवायला रोज चार-पाच तास माणूस ठेवला, तर वर्षही निघत नाही. हे सरकारने लोकांना आधीच स्पष्ट सांगावे.

– एक वाचक, सिएटल