गाभण तपासणी: हात की सोनोग्राफी?

गाय भरवली, २१ दिवसांनी माजावर आली नाही, की गाभण धरून आपण मोकळे होतो. म्हशीत तर हा हिशोब हमखास चुकतो, कारण मुका माज दिसतच नाही. तीन महिन्यांनी कळतं, म्हैस रिकामी. तोवरचा चारा-पेंड गेली, वेतही लांबलं.

डॉक्टर हात घालून बघतात ते साधारण ६० दिवसांनंतर खात्रीचं. सोनोग्राफीत ३० दिवसांच्या आसपास कळतं. आवाजाच्या लहरी आत जाऊन परततात. पडद्यावर पाणी काळं, हाड पांढरं दिसतं. त्या काळ्यात हृदयाचा ठोका दिसला की गर्भ जिवंत. हे हाताला कळत नाही.

माझं मत विचाराल तर मशीनचा खरा फायदा रिकामं जनावर लवकर सापडण्यात आहे. महिना वाचतो. पण ३० दिवसांचा गर्भ पुढं जिरूही शकतो, म्हणून ६० दिवसांनी पुन्हा तपासाच. तिथं जाणता हात पुरतो.

आणि भरवल्याची तारीख आपणच लिहून ठेवायची. ती नसेल तर डॉक्टर तरी काय सांगणार?