कॅमेरा घ्यायचा म्हणताय?

अकोल्याच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या महिला मंडळानं भिशीतून थोडे पैसे बाजूला टाकलेत. महालक्ष्म्या, भुलाबाई, कोजागिरी, संक्रांतीचं हळदीकुंकू यांचे फोटो काढायचे आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर, परगावच्या लेकींना पाठवायचे. ‘किती मेगापिक्सेलचा घेऊ?’ असं त्या विचारतात.

बाई गं, हाच प्रश्न मी एकदा दुकानदाराला विचारला आणि फसले! वीस मेगापिक्सेल, तीस पट झूम, छोटासा गोंडस कॅमेरा घेऊन अमरावतीला घरी आले. महालक्ष्म्यांच्या संध्याकाळी समया लागल्या, आरती सुरू झाली, मी धडाधड फोटो काढले. आत्यासासूबाई खास दर्यापूरहून आल्या होत्या. कॅमेऱ्यात डोकावून म्हणाल्या, “फोटो त काढला वं, पन मी कुठी आहो यात?” सगळ्याजणी हसल्या. फोटोत नुसती हललेली पातळं आणि पिवळे ठिपके. त्याच दिवाळीत त्या गेल्या. तेराव्याला लावायला फोटो हवा, तर एका जुन्या लग्नाच्या घोळक्यातून चेहरा कापून मोठा करावा लागला.

म्हणून मेगापिक्सेलचा नाद सोडा. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. नेहमीचा ४ बाय ६ इंची फोटो स्वच्छ छापायला बावीस लाखही पुरतात. मोबाईलच्या पडद्यावर तर विचारूच नका.

खरी गोष्ट आहे उजेड गोळा करण्याची. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात जास्त साठेल? कॅमेऱ्यातली वाटी म्हणजे सेन्सर. माझ्या त्या गोंडस कॅमेऱ्यातला सेन्सर साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा, तुरीच्या डाळीएवढा! ‘एक इंची’ म्हणतात तो प्रत्यक्षात १३ बाय ९ मिलिमीटरच असतो (नावावर जाऊ नका). लेन्स बदलता येणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ‘एपीएस-सी’ सेन्सर असतो, तो २३ बाय १५ च्या आसपास. आपल्याला हा हवा.

दुसरं, लेन्सवरचा एफचा आकडा. तो जितका लहान, तितकी खिडकी मोठी. ५.६ पेक्षा १.८ ला जवळजवळ दहापट उजेड आत येतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ च्या लेन्सवर बहुधा ३.५-५.६ लिहिलेलं असतं. झूम केलं की खिडकी बारीक होते. दिवाणखान्यातल्या कार्यक्रमाला ३५ मिलिमीटरची, एफ १.८ ची साधी लेन्स घ्या. ५० ची स्वस्त मिळते खरी, पण आपल्या खोल्यांत मागे सरकता सरकता न्हाणीघरात पोचाल! पैसे कमी पडले तर कॅमेरा वापरलेला घ्या, पण लेन्सवर काटकसर नको.

फ्लॅशवर माझा तरी विश्वास नाही. जरीच्या काठावर चकाकतो आणि समईचा उजेड मारून टाकतो.

आता, कॅमेरा हवाच का? हातभर अंतरावरच्या, निवांत बसलेल्या माणसांना चांगला मोबाईल पुरतो. भुलाबाईची गाणी म्हणताना मुली टाळ्या वाजवतात, डोलतात. तिथं कमी उजेडात तो गडबडतो. अकोल्यात श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराकडे निघालेल्या कावडी तुम्ही गच्चीवरून टिपणार असाल, तर मात्र गोष्ट उलटी. दिवसाउजेडी लांबचं दिसायला झूमच लागतो. तेव्हा मंडळात आधी ठरवा की जास्त फोटो कशाचे काढणार.

दुकानात सगळेच कॅमेरे छान दिसतात, कारण तिथं दिव्यांचा लखलखाट! मैत्रिणीला जिन्यातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन टाळ्या वाजवायला सांगा, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून पाहा. बोटं मोजता आली तर घ्या.

कॅमेऱ्यातून फोटो वाय-फायनं मोबाईलमध्ये येतात का, तेही विचारा. नाहीतर फोटो कार्डातच महिनोन्‌महिने पडून राहतात. व्हॉट्सॲप फोटो आक्रसून पाठवतं. २०२३ पासून त्यात ‘एचडी’चा पर्याय आहे, छापायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ फोटो दोन ठिकाणी ठेवा.

आणि हो, दोनशे फोटो गटावर ओतू नका. एकीनं वीस निवडावेत. घास तोंडात असलेली, पदर सरकलेली कुणी त्यात नको. नाचणाऱ्या पोरींचे फोटो टाकण्याआधी त्यांना आणि त्यांच्या आईला विचारा. एकदा गटावर गेलेला फोटो पुढे कुणाच्या हातात जाईल, ते आपल्या हाती राहत नाही. ज्या म्हाताऱ्या बायकांकडे मोबाईल नाही, त्यांना छापून द्या, तोही त्याच आठवड्यात.

पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा ठेवावा. तांदळात पुरू नका, पीठ आत जातं. उन्हाळ्यात बंद मोटारीत तर मुळीच नको, आपल्याकडचं ऊन ठाऊकच आहे. आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर कुणीतरी त्यात पापड भरून ठेवील!