गैरमुलकीचे चार शब्द

ओळख करून घेताना आपल्याकडे आधी नाव विचारतात, मग आडनाव विचारतात, आणि जरा थांबून तिसरा प्रश्न येतो : "ते झालं, पण मूळचे कुठले?" ह्या प्रश्नात वावगे काय आहे, असे पुष्कळांना वाटेल. विचारणाऱ्याचा हेतूही बहुधा आपुलकीचाच असतो. पण उत्तर दिल्यावर काय होते, ते उत्तर देणाऱ्यालाच ठाऊक! मी परभणीत २२ वर्षे राहतो आहे. घर इथे, घरपट्टी इथे, मुलीचा जन्म इथला. एका लहानशा खासगी शाळेत इथल्याच पोरांना बाराखडी आणि पाढे शिकवतो. दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्याही ह्याच मातीतल्या माणसांवर. तरीही 'भालकी' हे नाव तोंडातून बाहेर पडले, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर बारीकसा बदल होतो. तिथून पुढे माझा शब्द हा पाहुण्याचा शब्द. पाहुण्याने स्वयंपाकाची स्तुती करावी, मिठाविषयी बोलू नये!

ह्या रीतीविरुद्ध मला चार शब्द बोलायचे आहेत. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे हल्लीच्या भाषेत दहावीचे. तेव्हा वाचकांनी पांडित्याची अपेक्षा ठेवू नये. रोज जे डोळ्यांना दिसते आणि कानांवर पडते, तेवढ्यावरच मी बोलणार आहे.

आधी थोडा भूगोल. परभणीहून निघालेली गाडी गंगाखेड, परळी, उदगीर करीत भालकीला येते आणि पुढे बीदरला जाते. एकाच रुळावरची ही सारी स्थानके १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले. भालकी म्हैसूर राज्यात गेली. माझे आजोबा जागचे हलले नाहीत, राज्य हलले. आजही १७ सप्टेंबरला परभणीत झेंडा फडकतो आणि त्याच दिवशी, त्याच निजामाच्या जोखडातून सुटल्याच्या आनंदात, भालकीतही फडकतो. घरात मराठी, बाजारात मराठी, कानडी आणि दखनी उर्दू, असा माझा पिंड. परभणीत उतरलो तेव्हा ह्यातले काहीच मला बदलावे लागले नाही. तरी मी बाहेरचा!

त्या जुन्या राज्याने आपल्याला एक शब्द ठेवून दिला आहे : मुलकी. १९१९ साली निजामाच्या फर्मानाने सरकारी नोकऱ्या मुलकींसाठी राखल्या गेल्या, आणि बाहेरून आलेल्याला मुलकी व्हायला १५ वर्षांचे वास्तव्य ठरले. बाकी सगळे गैरमुलकी. निजामाची सत्ता गेल्यावरही ही गाठ सुटली नाही. १९५२ साली हैदराबादेत गैरमुलकींविरुद्ध चळवळ झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. आज महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला मागायला जा. १५ वर्षांचा तो आकडा तिथेही भेटतो.

त्या अटीशी माझे भांडण नाही. मराठवाडा मागे राहिला हे खरे आहे. १९५३ च्या नागपूर कराराने त्याला दिलेली आश्वासने आणि १९८४ साली दांडेकर समितीने मोजून दाखवलेला अनुशेष ज्याने ऐकला आहे, तो माणूस इथल्या पोरांसाठी चार जागा राखून ठेवायला नाही म्हणणार नाही. माझी मुलगी इथे जन्मली. तिच्या जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा ह्याच राज्यातला हवा, असा नियम आहे. आजोबा तेव्हा भालकीत होते. म्हणून तीच जात, तीच भाषा, तीच गरिबी असून माझ्या मुलीला इथे सवलत नाही. मला हे टोचते; पण नियमामागचे कारण मी समजू शकतो. एका कचेरीतल्या गृहस्थांनी कागद परत देताना जे वाक्य म्हटले, ते मात्र मला समजू शकले नाही. ते म्हणाले, "गुरुजी, तुमचं तिकडलं तिकडं बगा की."

हे वाक्य दाखल्यापुरते राहिले असते तर मी हा लेख लिहिला नसता. ते सगळीकडे पोचले आहे. देवळाच्या पारावर आहे, रेशनच्या रांगेत आहे, निवडणुकीच्या सभेत तर आहेच. नोकरीसाठी १५ वर्षे लावा, मी मान तुकवतो. पण मत मांडायला किती वर्षे लावणार?

धर्मापासूनच बघू. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे ह्यांनी पाथरीचा उल्लेख साईबाबांचे जन्मस्थान म्हणून केला आणि पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपये देण्याची घोषणा केली. शिर्डीकर संतापले, १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. आमच्या जिल्ह्यात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. मी एका बैठकीत एवढेच म्हणालो, की ज्या फकिराने आपले गाव, आपली जात, आपले आईबाप कधी स्वच्छ सांगितले नाहीत, त्याच्या जन्मगावावरून दोन गावांनी भांडावे ह्यासारखी दुसरी थट्टा नाही. उत्तर आले : "हा पाथरीचा प्रश्न आहे, तुम्ही कशाला त्यात?" मला विचारायचे आहे, की तो पोरसवदा फकीर शिर्डीत आला तेव्हा तिथल्या लोकांनी हाच नियम लावला असता तर? खंडोबाच्या देवळापाशी म्हाळसापतींनी त्याला 'आओ साई' म्हणून हाक मारली, असे सांगतात. आधी मूळ गावाचा पुरावा मागून तो मिळेपर्यंत त्याला वेशीबाहेर बसवले असते, तर आज ना शिर्डी असती, ना पाथरीचा दावा.

आणि पाथरीच कशाला? गंगाखेडची जनाबाई पंढरपुरात दामाशेटींच्या घरी दळण-कांडण करीत राहिली. नामदेव नरसीचे, अशी परंपरा आहे. १९९९ साली हिंगोली वेगळा होईपर्यंत नरसी परभणी जिल्ह्यातच होती. ते पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि त्यांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आली. २०१५ साली आपले अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले, तेव्हा आपली छाती केवढी फुगली होती! आपला संत परमुलखात जाऊन बोलला तर ती आपली थोरवी. परमुलखातला मास्तर आपल्याकडे येऊन बोलला तर ती आगाऊपणा. हा न्याय कोणता?

आता यंत्रांकडे वळतो. दसऱ्याच्या आसपास पंजाबकडची मोठमोठी हार्वेस्टर यंत्रे मराठवाड्यात उतरतात आणि सोयाबीनची रानेच्या राने घटकाभरात मोकळी करून जातात. "बाहेरच्या यंत्रांनी आपल्या मजुरांचा घास हिरावला" असे पारावर म्हणतात. ह्यातला अर्धा भाग खरा आहे. सोयाबीन काढणीचे गुत्ते घेणाऱ्या बायांच्या टोळ्या रिकाम्या बसतात, हे मी वस्तीत रोज पाहतो. माझ्या वर्गातल्या पोरांच्या त्या आया आहेत. पण दोष यंत्राच्या गावाला द्यावा, हे मला पटत नाही. सोयाबीन तरी इथले कुठे आहे? ते चीनकडून आले. ज्वारीचे मूळ आफ्रिकेत, आणि तिच्याच एका वाणाला आपल्या कृषी विद्यापीठाच्या साक्षीने 'परभणी शक्ती' असे नाव मिळाले. तिखटातली मिरची समुद्रापलीकडून पोर्तुगिजांबरोबर आली. म्हणजे आपल्या ताटातली भाकरी आणि तिच्यावरचा ठेचा, दोन्ही गैरमुलकी! विचारायचा प्रश्न निराळाच आहे. यंत्राने वाचलेला पैसा कोणाच्या खिशात गेला, आणि ज्या बाईची मजुरी गेली तिला दुसरे काम कोण देणार? हा प्रश्न परभणीचा जुना रहिवासी विचारतो की भालकीचा मास्तर, ह्याने त्या बाईला काय फरक पडतो?

रेशनच्या दुकानात अंगठा घेणारे एक छोटे यंत्र असते. ते यंत्र कोणालाही 'मूळचे कुठले' असे विचारत नाही. २०१९ पासून सुरू झालेल्या योजनेने एका राज्यातले शिधापत्रिकेचे धान्य दुसऱ्या राज्यातही घेता येऊ लागले. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हातारीचा अंगठा ते ओळखत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे, आणि त्यासाठी त्याला बोल लावलाच पाहिजे. पण गावावरून माणसाची किंमत ठरवू नये, एवढी गोष्ट त्या निर्जीव डबीला शिकवता आली आणि आपल्याला शिकता येत नाही, ह्याची मला शरम वाटते.

दिवाळी सरली की गंगाखेड-सोनपेठकडचे कोयते बिऱ्हाड बांधून ट्रकात चढतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. कोणी सांगली-कोल्हापूरला जातो, कोणी सीमा ओलांडून बेळगावकडे. तिथे पाचटाच्या खोपीत राहताना ह्याच परभणीकरांना कोणीतरी विचारते, "कुठले रे तुम्ही?" पाण्याच्या हापशावर, दवाखान्याच्या दारात त्यांना ऐकावे लागते, की तुमचे तिकडचे तिकडे बघा. जे आपल्या लेकरांना परमुलखात ऐकावे लागते, तेच आपण आपल्या गावी आलेल्याला ऐकवावे काय?

राजकारणात तर ह्या प्रश्नाला धारच येते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सातारा जिल्ह्यातले महादेव जानकर परभणीतून उभे राहिले. उमेदवार घरचा की बाहेरचा, ह्यावर चहाच्या टपऱ्यांवर रात्री संपत नव्हत्या. निकाल संजय जाधवांच्या बाजूने लागला, तो मतदारांचा अधिकार. पण त्या चर्चेत पैठणच्या धरणाचे पाणी डाव्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला कधी पोचणार, हे किती जणांनी विचारले? कोयते जाणे कसे थांबेल, हे किती जणांनी विचारले? पुढाऱ्यांना 'घरचा-बाहेरचा' हा वाद फार सोयीचा असतो. कारण त्यात जन्माखेरीज दुसरे काही सिद्ध करावे लागत नाही.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरचे दिवस ह्या शहराने विसरू नयेत. अटकेत असलेल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या पुस्तकाचा अवमान आपल्या जिव्हारी लागला, हे योग्यच झाले. पण त्याच पुस्तकाच्या १९ व्या कलमात भाषणाचे स्वातंत्र्य आणि भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचे, स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य शेजारी शेजारी बसवले आहे. जो राहतो तो बोलणार, हे घटनाकारांनी गृहीत धरले होते. आपण मात्र राहण्याची परवानगी देतो आणि बोलण्याची काढून घेतो.

ह्या गावाचा स्वभाव मुळात असा नाही, म्हणून तर मी एवढे बोलतो आहे. १९९५ साली परभणीत साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते नारायण सुर्वे. ज्यांचे आईबाप कोण हे कोणालाच कळले नाही, ज्यांना मुंबईतल्या एका गिरणी कामगाराने उचलून घरी आणले आणि आडनाव दिले, जे शाळेत शिपाई होते आणि पुढे शिक्षक झाले, असे ते सुर्वे. त्या दिवशी त्यांना मूळ गावाचा दाखला कोणी मागितला नाही. परभणीने त्यांना सर्वांत उंच जागी बसवले आणि त्यांचे शब्द मनापासून ऐकले.

'बनी तो बनी, नहीं तो परभनी' ही म्हण इथले लोक पाहुण्याला हौसेने सांगतात. दुसरीकडे ज्याचे जमले नाही त्याचेही इथे जमते, असा मी तिचा अर्थ लावतो. कोण्या आल्यागेल्याने ती पहिल्यांदा म्हटली असेल आणि परभणीकरांनी ती आपली मानली. तेवढे मोठे मन माणसाच्या मताविषयीही दाखवावे, इतकेच मागणे आहे. मूळचे कुठले, हे खुशाल विचारा. मी भालकीचे नाव अभिमानाने सांगेन. फक्त तेवढ्यावर थांबू नका. त्याच्या पुढे आणखी एक प्रश्न विचारा : "बरं गुरुजी, इथलं तुम्हाला काय वाटतं?" आणि उत्तर पुरते ऐकून घ्या. पटले नाही तर कडकडून भांडा. पण भांडण मताशी करा, गावाशी करू नका.