पायऱ्यांचा क्रम

गेल्या जुलैमध्ये एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला बसलो तेव्हा आम्हा सर्वांच्या हाती एक छापील तक्ता आला. संशोधन प्रकल्पाच्या पायऱ्या त्यात क्रमवार दिलेल्या होत्या : विषयनिश्चिती, आराखडा, पूर्वसंशोधनाचा आढावा, गृहीतके, क्षेत्रभेटी, विश्लेषण, लेखन, बांधणी. प्रत्येक पायरीपुढे महिना. क्षेत्रभेटींपुढे ‘डिसेंबर’ असे लिहिले होते. मी तो तक्ता टेबलासमोरच्या भिंतीला चिकटवला आणि आज्ञाधारकपणे त्याबरहुकूम वागले. तो तक्ता, निदान आमच्या वसईपुरता तरी, चुकीचा आहे असे आता माझे मत झाले आहे. हे मत काही गुरुजनांना रुचणार नाही याची जाणीव आहे. तरीही ते मांडते, कारण ते मला महागात पडून मिळालेले आहे.

पायऱ्या नसाव्यात असे मला म्हणायचे नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर संशोधन प्रकल्पाला आपल्याकडे श्रेयांक आले, आणि पूर्वी पीएच.डी. करणाऱ्यांच्या वाट्याला येणारी धास्ती आमच्याही वाट्याला आली. पायऱ्या पाडून दिल्या नाहीत तर काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. गणपती होतात, दिवाळी होते, नाताळ होतो, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस झेरॉक्सच्या दुकानात गर्दी उसळते. ऐंशी पानांचा ग्रंथ पंधरा दिवसांत सिद्ध होतो. त्यातली किती पाने कुठून आली हे विद्यार्थ्याला ठाऊक असते, मार्गदर्शकांनाही ठाऊक असते, आणि दोघेही सभ्यपणे गप्प राहतात. तेव्हा पायऱ्या हव्यातच. माझी तक्रार त्यांच्या क्रमाबद्दल आहे.

पहिल्या पायरीवरच मी घसरले, ते आधी सांगते. ‘वसई तालुक्याचा सामाजिक, आर्थिक व सांस्कृतिक इतिहास : एक चिकित्सक अभ्यास’ असा विषय मी मोठ्या दिमाखात लिहून नेला. आमच्या सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि विचारले, “किती पिढ्या लावणार आहात?” शूर्पारक हे बंदर अशोकाच्या काळापासून, १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, ३१ डिसेंबर १८०२ रोजी ह्याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. एवढा सारा ऐवज मी दहा महिन्यांत उरकणार होते! सर म्हणाले, “तुम्हाला चालत जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल एवढाच विषय घ्या.” विषयनिवडीचे याहून चांगले माप मला कोणत्याही संशोधनपद्धतीच्या पुस्तकात आढळले नाही.

मग मी बावखल घेतले. पूर्वेकडून येणाऱ्या, नालासोपाऱ्याच्या किंवा विरारच्या मित्रमैत्रिणींना हा शब्द नवा असेल म्हणून सांगते. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, वाड्यांमधून, गोड्या पाण्याची लहान लहान तळी खणलेली असत. त्यांना बावखल म्हणतात. खणून निघालेली माती घराच्या जोत्याला किंवा वाडीत भर घालायला वापरायची. पावसाळ्यात खळगा भरायचा. ते पाणी जमिनीत मुरायचे आणि रहाटाने उपसून केळी, पानवेली, फुले, भाजीपाला यांना द्यायचे. समुद्र इतका जवळ असताना आमच्या विहिरी गोड राहिल्या, त्यात ह्या मुरलेल्या पाण्याचा मोठा वाटा. पुढे रहाट गेले, पंप आले. त्यानंतर इमारती आल्या, आणि बावखले राबिट टाकून बुजवली जाऊ लागली. टँकरने होणाऱ्या पाणीउपशाविरुद्ध आणि बेफाम बांधकामाविरुद्ध १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली, हा इतिहास आपल्या वाचकांना सांगायला नकोच.

विषय चालण्याच्या टप्प्यात आला. पण मी चालले मात्र नाही. तक्त्यात डिसेंबर होता ना! ऑगस्टभर मी वाचत बसले. वाचन व्यर्थ गेले असे म्हणणार नाही. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये वसईच्या बागायतीचे वर्णन आहे, ते वाचून आपल्याच वाडीकडे नव्याने पाहावेसे वाटते. दुसरेही एक व्यावहारिक ज्ञान झाले. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला आणि महानगरपालिका २००९ साली. त्यामुळे जुन्या कागदांत ‘पालघर जिल्हा’ शोधणारा विद्यार्थी हात हलवीत परत येतो. ठाणे जिल्हा शोधावा, इंग्रजी कागदांत ‘बॅसीन’ शोधावे, आणि खेड्यांसाठी जुन्या ग्रामपंचायतींची दप्तरे. हे मला कोणी पहिल्या दिवशी सांगितले असते तर तीन आठवडे वाचले असते. म्हणून पुढच्यांसाठी लिहून ठेवते. आमच्या घरच्या सातबाऱ्यावर बावखलाचा शोध घेतला तेव्हा ते ‘पोटखराबा’ ह्या सदरात सापडले. ज्या पाण्यावर सगळी वाडी पोसली, ती जागा कागदोपत्री खराबा! माझ्या प्रकल्पातले एक पूर्ण प्रकरण त्या एका शब्दातून निघाले.

सप्टेंबरात गृहीतके लिहिली. पाच होती. कशाच्या आधारावर, ते विचारू नये.

आमच्या आळीच्या टोकाला एक आजोबा राहतात. नव्वदीच्या घरातले. तरुणपणी त्यांनी रहाट चालवलेला, आणि स्वतः दुरुस्तही केलेला. रहाटाच्या एकेका भागाला कादोडीत वेगळे नाव होते. बावखलाच्या काठाला, पायऱ्यांना, पाण्याच्या पातळीलाही नावे होती. ती त्यांना मुखोद्गत होती. दर रविवारी देवळातून येताना ते दिसत. “काय पोरी, कधी येतेस रहाट लिहायला?” असे दोनदा त्यांनीच विचारले होते. मी म्हणायची, “डिसेंबरात येते, आजोबा. अजून वाचन चाललेय.”

नोव्हेंबरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. डिसेंबरात, तक्त्याप्रमाणे, मी वही, पेन आणि छापील प्रश्नावली घेऊन गेले. सूनबाईंनी खुर्ची दिली, चहा दिला. आजोबांनी मला ओळखले. मी रहाट म्हटल्याबरोबर त्यांचा डावा हात चादरीवरून उचलला गेला आणि हवेत हळूहळू गोल फिरू लागला. बराच वेळ फिरत होता. तोंडातून शब्द फुटत नव्हता. माझ्या प्रश्नावलीत बावीस प्रश्न होते. मी ती पिशवीतून काढलीच नाही.

ह्यात तक्ता करणाऱ्याचा दोष किती आणि माझा किती? बहुतेक माझाच. रविवारी देवळापासून आळीपर्यंत त्यांच्याबरोबर चालत यायला मला कोणत्याही तक्त्याची मनाई नव्हती. परंतु तक्ता सोयीचा होता. न जाण्याला त्याने एक शास्त्रीय कारण पुरवले, आणि आपण नियमाने काम करीत आहोत असे समाधानही दिले.

वाचनाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे. काही वाचले नसेल तर काय विचारायचे ते कसे कळणार? कोऱ्या मनाने गेलेला विद्यार्थी चार गोड आठवणी घेऊन परततो आणि त्यांनाच संशोधन म्हणतो. आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. ते सोपाऱ्यातच आहे.

सोपाऱ्याच्या एका उंचवट्याला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. टोपल्या विणणाऱ्या कुणा राजाचा तो किल्ला, अशी समजूत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी तिथे आले. माणूस जुनागढचा, भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली शिलालेखांचे ठसे घेत हिंदुस्थानभर फिरलेला. शूर्पारक आणि तिथला पूर्ण नावाचा व्यापारी यांची बौद्ध कथा त्यांना माहीत होती. म्हणजे वाचन होतेच. पण ते वाचन घेऊन ते थेट त्या उंचवट्यावर येऊन उभे राहिले. हा कोट नसून स्तूप आहे हे त्यांनी ओळखले आणि मधोमध खणायला लावले. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात आठ बुद्धमूर्तींच्या मध्यभागी तांब्याचा करंडक. त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, आणि सर्वांच्या आत सोन्याचा. त्यात भिक्षापात्राचे म्हणून जपलेले मातीचे बारीक तुकडे. यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणेही मिळाले. त्याच साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा त्यांना सापडला, आणि त्याच साली त्यांचा निबंध मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापूनही आला. पाहणे, खणणे, लिहिणे, छापणे एका वर्षात! आपल्या तक्त्यात हे बसते का पाहावे.

ह्या गोष्टीतले दोन तपशील मला फार मोलाचे वाटतात. पहिला असा की ते काम तिथे संपले नाही. त्या बुद्धमूर्ती नाण्याच्या काळापेक्षा बऱ्याच नंतरच्या आहेत, म्हणजे स्तूप मध्ये केव्हातरी उघडला गेला असावा, असे पुढील अभ्यासक म्हणतात. आणि नवव्या शिलाशासनाचा तुकडा १९५६ साली भुईगावला मिळाला. आठव्यापासून नवव्यापर्यंत यायला चौऱ्याहत्तर वर्षे लागली! आपल्याला मात्र मार्चमध्ये ‘निष्कर्ष’ नावाचे प्रकरण सगळ्या बाजूंनी बंद करून हवे असते. दुसरा तपशील भाषेचा. भगवानलाल गुजराथीत लिहीत. त्यांचे लेखन इंग्रजीत उतरवण्याचे काम इतरांनी केले. तरी नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य पदवी दिली. आपल्यातले कितीतरी जण केवळ इंग्रजीच्या भयाने पहिले वाक्य लिहायचे टाळतात आणि शेवटी दुसऱ्याची वाक्ये उचलतात. पहिला खर्डा घरच्या भाषेत करावा. मी क्षेत्रभेटींच्या नोंदी कादोडीतच केल्या आणि मग मराठीत आणल्या; त्यात माझे नुकसान तर झाले नाहीच, उलट कुठल्या शब्दाला मराठी प्रतिशब्द नाही ते आपोआप कळले.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच की विषय ठरल्याच्या आठवड्यात जागेवर जावे. काही कळो न कळो, तिथे उभे राहावे, जो सर्वांत वयस्कर असेल त्याच्याशी बोलावे, आणि घरी येऊन वाचावे. वाचून पुन्हा जावे. दुसऱ्या खेपेला प्रश्न बदललेले असतात. आराखडा ह्या दोन फेऱ्यांनंतर द्यावा, आणि गृहीतके मागायचीच असतील तर तेव्हा मागावीत. वसईत हे विशेष निकडीचे आहे, कारण येथे ग्रंथालयातले गॅझेटियर डिसेंबरपर्यंत थांबते, बावखल थांबत नाही. ऑक्टोबरात मी रस्त्यावरून पाहिलेले एक बावखल जानेवारीत टेप घेऊन मोजायला गेले तर तिथे सपाट जमीन आणि एक पत्र्याचे कुंपण होते.

लेखनही शेवटची पायरी नव्हे. ज्या संध्याकाळी कोणी काही सांगितले, त्याच संध्याकाळी ते लिहावे. कोणी, कुठे, कोणत्या तारखेला, हे सुद्धा. फोनवर ध्वनिमुद्रण आहे म्हणून निर्धास्त राहिले की मार्चमध्ये चाळीस तास ऐकत बसावे लागते. मी पोटखराब्याचे प्रकरण, म्हणजे तिसरे, सर्वांत आधी लिहिले, प्रस्तावना सर्वांत शेवटी. आपण काय केले हे कळण्यापूर्वी प्रस्तावना लिहिणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. हल्ली संगणकाला विषय सांगितला की तो प्रस्तावनाच काय, पाचही प्रकरणे पुढ्यात टाकतो. मीही गंमत म्हणून विचारून पाहिले. भूजलावर त्याने सुरेख चार पाने दिली. आमच्या आळीतले दुसरे बावखल कोणाच्या लग्नाच्या मांडवासाठी बुजवले गेले, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. ते आजोबांच्या सूनबाईंना ठाऊक होते. त्यांच्याकडे मी डिसेंबरानंतर पाच वेळा गेले. रहाटाला जुंपलेल्या रेड्याच्या मागे बसून फिरायला मुलांची भांडणे कशी लागत, पाणी सोडायची पाळी कशी ठरे, हे सारे त्यांनी सांगितले. रहाटाच्या भागांची नावे त्यांना दोनच आठवली. “ते पुरुषांचे काम गं,” म्हणाल्या.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. चौथ्या प्रकरणात रहाटाचे चित्र आहे; त्यावर बाण काढले आहेत, दोन बाणांपुढे नावे आहेत आणि बाकीचे मोकळे. त्यापुढची तीन पानेही कोरी सोडली आहेत. परीक्षकांनी विचारले, “ही छापायची राहिली का?” मी आजोबांची हकीकत सांगितली. त्यांनी थोडा वेळ पान तसेच उघडे धरले आणि मग पुढचा प्रश्न विचारला.

प्रकल्पाची एक प्रत विभागाच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर आहे. नोंदींच्या वह्या माझ्याजवळ आहेत, मागेल त्याला देईन. गासमध्ये आणि निर्मळला रहाट चालवलेली आणखी दोन माणसे आहेत असे परवाच कळले. दोघांचीही वये पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. नव्या तुकडीतल्या कोणी बावखल घेणार असेल तर त्याने ह्या रविवारीच माझ्याबरोबर यावे.