आउटपुट आलं, पण राहिलं कोण?

डीबीएमएसचं प्रॅक्टिकल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच टेबल येतं, ओरॅकलचं 'ईएमपी'. एकूण १४ ओळी. किंग, स्मिथ, टर्नर ही मंडळी आपल्याला रूमपार्टनरपेक्षा जास्त पाठ! सिलेक्ट लिहायचं, व्हेअर लावायचं, ऑर्डर बाय टाकायचं, आउटपुट आलं की प्रिंट काढून जर्नलला चिकटवायचं. झालं सबमिशन. माझं म्हणणं एवढंच की, आउटपुट आलं म्हणजे उत्तर बरोबर आलं असं नव्हे.

साधं उदाहरण घ्या. '५०० पेक्षा कमी कमिशन असलेले कर्मचारी दाखवा.' क्वेरी दोनच नावं देते : ॲलन (३००) आणि टर्नर (०). मग ज्यांना कमिशनच नाही ते १० जण गेले कुठे? त्यांच्या रकान्यात 'नल' आहे. नल म्हणजे शून्य नव्हे, नल म्हणजे नोंदच नाही. त्याच्याशी तुलना केली की एसक्यूएल हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, ती ओळ गुपचूप गाळतं. एररसुद्धा येत नाही! सरासरीचंही तेच. कमिशनची सरासरी ५५० येते, कारण भागाकार चौघांनीच होतो. सगळ्या १४ जणांनी भागलं तर ती १५७ च्या आसपास येते.

सॉर्टिंगचं बघा. जेम्स आणि फोर्ड दोघेही ३ डिसेंबर १९८१ ला रुजू झालेले. फक्त रुजू तारखेवर ऑर्डर बाय लावलं, तर दोघांत वर कोण येईल याची काहीच हमी नाही.

तुम्ही म्हणाल, बिघडलं कुठे? किंग-स्मिथ काही भांडायला येणार नाहीत. खरंय. पण आपल्या पनवेलचाच विचार करा. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली. १८५२ सालची जुनी नगरपरिषद आणि आसपासची २९ गावं एका छत्राखाली आली. नगरपरिषदेचं दप्तर वेगळं, ग्रामपंचायतींची दप्तरं वेगळी. समजा, ही सगळी रजिस्टरं एका टेबलात भरायचं काम तुमच्याकडे आलं. कुठे रुजू तारीख कोरी, कुठे ती साधा मजकूर म्हणून टाइप केलेली. मजकूर म्हणून सॉर्ट केलं की '०२-०१-२०१६' ही '१५-०६-१९९८' च्या आधी येते. म्हणजे साडेसतरा वर्षं आधी लागलेला माणूस खाली! सेवाज्येष्ठता यादीत खाली जाणं म्हणजे बढती लांबणं. आणि ज्याची तारीखच कोरी, तो 'अमुक तारखेपूर्वीचे' या फिल्टरमधून गायबच. त्याला कळणारही नाही की आपण एका व्हेअरमध्ये अडकलोय.

म्हणून मित्रांनो, प्रॅक्टिस करताना तीन सवयी लावून घ्या. आधी एकूण ओळी मोजा. मग आत आलेले, बाहेर राहिलेले आणि नल असलेले वेगवेगळे मोजा, बेरीज जुळलीच पाहिजे. बरोबरी झाली तर पुढचा निकष कोणता, हे नियम बघून क्वेरीतच लिहा.

आणि सर-मॅडमना एक विनंती. १४ स्वच्छ ओळींऐवजी काल्पनिक नावांचं, पण कोऱ्या रकान्यांचं आणि दुबार नोंदींचं टेबल द्या. व्हायव्हाला 'क्वेरी काय लिहिलीस?' यासोबत 'यात कोण आलं नाही?' हेही विचारा. आम्ही थोडे अडखळू, पण उद्या कुणाचा तरी पगार किंवा बढती आमच्या एका ओळीवर अवलंबून असेल तेव्हा हाच प्रश्न आधी आठवेल.